गोळीवरचा तीळ

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

केस एकदाची संपली. झुडपात हललं ते डुक्कर समजून ह्यांच्या शिकारीच्या दोस्ताने ह्यांच्यावरच बार काढला, हे कोर्टाने मानलं आणि अपघात म्हणून कागद बंद केले. काल कारकुनाने ह्यांचं घड्याळ, चष्मा आणि ती गोळी माझ्या हातात दिली. सही घेतली, वर पाणी हवंय का विचारलं.

गोळी घरात ठेववत नाही, टाकवतही नाही. म्हणून तुझ्याकडे पाठवते आहे. तो दोस्त ठासणीच्या बंदुकीसाठी कधी तुझ्याकडून शिशाच्या गोळ्या न्यायचा, कधी बाजारातून. तू पाहून एवढंच सांग, आपल्या साच्यातली आहे का? मग वितळवून टाक. बाकीच्या शिशात मिसळू नकोस.

तुझी ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. इकडे सगळे बरे. हिचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. म्हणते, दाराच्या कडीपेक्षा मीच जास्त वाजते. कामाच्या खोलीत भिंतीला ओल आलीय, म्हणून शेगडी पेटवलेली नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तरी ते अंगावर उडतं, तुला ठाऊकच आहे. बाबांची पळी मात्र घासून लख्ख केली.

तू वेळेवर जेवतेस ना? एकटीसाठी कोण रांधत बसणार, म्हणून चहावर दिवस काढू नकोस. मे महिन्यात इकडेच ये.

तुझा धाकटा

दि. २७ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

गुडघा कळला, ओल कळली, पळीसुद्धा कळली. लहानपणी कुणाची काच फोडलीस की तू असाच साऱ्या गल्लीच्या बातम्या सांगत घरात शिरायचास. मी विचारलं तेवढं राहिलं.

बाबांच्या हातून साचा फरशीवर पडला, त्याला आतून बारीक खड्डा पडला आणि तेव्हापासून आपल्या प्रत्येक गोळीवर तीळ उमटतो. गिऱ्हाइकं भाग्याचा तीळ म्हणायची आणि आपण दोघं तोंड दाबून हसायचो. तो शोधायला भिंत कशाला वाळायला हवी रे?

मला दुसरं काही सुचत नाही. असेल ते लिही. मी रागावणार नाही.

ताई

दि. ६ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. गोळी भिंगाखाली धरून पाहिली. पुढून चपटी झालीय, पण मागची बाजू शाबूत आहे. तीळ नाही. आपली नव्हे. आता हा विषय डोक्यातून काढून टाक.

तू म्हणालीस तशी वेगळी वितळवली आणि शिसं परसात खोल पुरलं. साचा विकायला काढलाय. ठासणीच्या बंदुका आता उरल्यात कुणाकडे? ही तुझ्यासाठी मागची खोली झाडून ठेवतेय.

तुझा धाकटा

दि. १४ एप्रिल

चि. धाकट्यास,

कारकुनाने गोळी तळहातावर ठेवली तेव्हाच तीळ अंगठ्याला लागला होता. बघावंही लागलं नाही. लग्न होईपर्यंत फडक्यावर लोळवून त्या गोळ्या मीच निवडायचे.

तू ह्यांना मारलं नाहीस. हे मला कुणी समजावायला नको. पण कोर्टातून घरी आले, दार लावलं आणि वाटलं, हे माझ्या एकटीच्याने उचलवणार नाही. तूही बघावंस, आपलीच आहे म्हणावंस, मग दोघं मिळून रडू. तू म्हणालास, आपली नव्हे. आता तू तिथे एकटा आणि मी इथे एकटी.

मे महिन्यात येत नाही. समोर बसून तू पुन्हा तेच सांगशील आणि मला मान डोलवावी लागेल. खोली झाडायचे कष्ट तिला घेऊ देऊ नकोस, गुडघा दुखेल.

लोभ आहेच, तो कुठे जातो? वाढावा, असं मात्र आज लिहवत नाही.

ताई