होडीच्या नावाची बिअर

१९ जाने., सोम.
कमिटीचा होकार आला. १ तारखेला दिवाळे गावच्या कोळी महोत्सवात आमचा बिअरचा स्टॉल. एक दिवसाचा परवाना, चार पिंपं, आणि माझं स्वतःचं गाव. नितीन (पार्टनर, वाईट बातमी आधी हुंगणारा माणूस) लगेच, "आईला सांगितलंस?"
सांगेन.
महापेच्या आमच्या छोट्या कारखान्याला घरी नुसतं 'कंपनी' म्हणतात. कसली ते आईला पक्कं ठाऊक आहे. तोंडाने आम्ही दोघी कधीच बोललेलो नाही. बाबा दारूने गेला, मी आठवीत होते. ती हातभट्टी, ही बिअर, असं मी स्वतःला समजावत आलेय.

२२ जाने., गुरु.
नाव ठरलं, 'हिरा'. बाबाच्या होडीचं नाव, म्हणजेच आईचं. गावात सगळ्यांच्या होड्यांना देवांची नावं, बायकोचं नाव देणारा बाबा एकटाच. तांदळाची, हलकी, कोकमाचा हात लावलेली. पोस्टरवर होडीचं चित्र. आईला सरप्राइज! स्वतःवर भलतीच खूश आहे.

२४ जाने., शनि.
सरप्राइज गेलं खड्ड्यात. पोस्टर मार्केटात लागलं, आईला मासळी विकता विकता गिऱ्हाइकाने दाखवलं. घरी आली, पाटी आपटली.
"माजा नाव बाटलीवर?"
"बाटली नाही गं, पिंप." हे मी म्हणाले. अक्कल गहाण टाकल्यासारखी.
"ती होडी कशी गेली, ठाव हाय तुना?"
खाडीत मासळी राहिली नाही म्हणून विकली, असंच ऐकत आले होते.
"मासली होती. तुजा बापूस नव्हता होडीवर. गुत्त्यावर होता."
होडी विकून प्यायला. त्यानंतरच आईने बायका जमवल्या, मतदानात बाटली आडवी केली आणि गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. तो पराक्रम मी कॉलेजात भाषणात सांगायचे. होडीचं मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं.

२८ जाने., बुध.
चार दिवस अबोला. "जेवन झाकलाय" एवढंच.
नाव काढायला कमिटीच्या पांडूशेठकडे गेले. "परवान्याचा कागद झाला, पोरी. बोर्डावरून पायजे तं काढ. आनि स्टॉलचा नारल तुजे आयेशीच्या हातान फोडायचा, कमिटीनी ठरवलाय. महिला मंडलाची अध्यक्ष हाय ती."
मी हात जोडले. शेठला वाटलं, आभार मानतेय.

३१ जाने., शनि.
बोर्डावर पांढरा रंग मारला. आता नुसतं 'बिअर'.
आई आज आपणहून बोलली, "उद्या येते मी." कशाला, ते नाही सांगितलं.

१ फेब्रु., रवि., संध्याकाळ
आली. नऊवारी, अंगावर सगळं सोनं. नारळ हातात घेतला, शेठच्या हातात परत दिला. "फोडा तुमी." मग खाली बसायचा पाट मागवला आणि पिंपाच्या नळाशेजारी बसली. दिवसभर.
गावातला कुणी ग्लास घ्यायला आला, की आधी आईची नजर.
"तू घरी जा. पोरीचा साखरपुडा हाय ना?"
"तुना एक. एकच."
"तुजी बायको दवाखान्यात, आनि तू हितं?"
गाववाले रांगेतून गळायला लागले. सोसायट्यांमधली मंडळी हसून फोटो काढत होती. शेठ लालबुंद. नितीन कानाशी, "हिला उठव, धंदा बसला."
नाही उठवलं. दोन पिंपं उघडलीच नाहीत. राग आला मला, प्रचंड. चारचौघांत माझ्या स्टॉलवर माझीच गिऱ्हाइकं हाकलते! पण परत पाठवलेला एकही माणूस उलट बोलला नाही. मान खाली घालून गेले. ते बघून रागापेक्षा भीतीच जास्त वाटली.

२ फेब्रु., सोम.
सकाळी शेठचा फोन. पुढच्या वर्षी स्टॉल हवाच, पण आई नको.
आई ओट्याशी कोळंबी सोलत होती. जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं आता भांडण होऊन जाऊ दे एकदाचं.
भांडली नाही. "बिअर वाईट नाय तुजी. घोटभर घेतली मी." मग, "काल तुजा बापूस रांगेत असता तं?"
"तू होतीस ना बाजूला."
"आनि मी नसते तं?"
ती परत सोलायला लागली. मीही बसले शेजारी.
बाबा हसत आला असता. ग्लास पुढे करून म्हणाला असता, "पोरी, थोडीच घाल." मी काय केलं असतं ते मला माहितीये. इथेसुद्धा लिहीत नाही.