सोफ्यावरची सफारी

प्रिय दर्यावर्दी,

आफ्रिकेच्या सफारीचं बुकिंग अजून का केलं नाहीस, असं तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारलंस आणि दर वेळी मी नेटवर्कवर ढकललं. नेटवर्क उत्तम होतं. पण फोनवर काही सांगायला गेलं, की इंजिनात बिघाड झाल्यासारखा तू लगेच तोडगा काढतोस आणि माझं बोलणं तसंच राहतं. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी कामाचं. ढब्बू-चिमी दोघांना मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. लशी निघण्याच्या बऱ्याच आधी घ्यायच्या आहेत आणि मलेरियाच्या गोळ्या वजनावर ठरतात. चिमी काट्यावर चढताना खिशात दगड घेऊन चढली होती, त्यामुळे तिचं वजन दोनदा करावं लागलं. ढब्बूने पहिली लस घेताना हूं की चूं केलं नाही, पण बाहेर आल्यावर माझ्याशी कट्टी घेतली. तिथल्या मुक्कामांवर एवढी लहान मुलं दुसऱ्या प्रवाशांच्या जीपमध्ये घेत नाहीत, म्हणजे आपल्याला वेगळी जीप लागणार. तंबूत न्हाणीघर आहे का, हे मी विचारलंय. तुला हसू येईल, पण साडेतीन वर्षांच्या मुलीला अंधारात बाहेर न्यायचं असेल तर सिंहांनाही आमच्या वेळा कळवाव्या लागतील.

तू आखलेलं सफारीचं वेळापत्रक पाहून मात्र मी कपाळाला हात लावला. चार तास ड्यूटी, आठ तास आराम, हे तुझ्या इंजिन रूममध्ये चालत असेल. चिमीला चार मिनिटं शू आवरत नाही. तरी मीही तुझीच बायको, करून बघितल्याशिवाय नाही म्हणणार नाही. रविवारपासून सोफ्याची जीप केलीय. बिस्किटं, पाण्याची बाटली, टोप्या, सगळं बरोबर. आवाज करायचा नाही, हात बाहेर काढायचा नाही आणि कोणीही दिसलं तरी खाली उतरायचं नाही. ढब्बू गाइड. आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, की तो कुजबुजत हत्तीण आल्याचं सांगतो. हे कळलं त्या दिवशी आई फुगून बसल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच डोक्यावर टॉवेल घेऊन दारात आल्या आणि कान हलवून गेल्या.

आईंचं म्हणणं एकच आहे. एवढी सहा आठवड्यांची सुट्टी मिळाली, तर पोरगा बंदरावरून परस्पर आफ्रिकेत का जातो, आधी घरी का येत नाही? मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, येण्याजाण्यात दिवस फुकट जातात, तिथल्या विमानतळावर सगळे भेटूच की. त्या म्हणाल्या, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि भाजी निवडायला लागल्या. तू मधे घरी न येता लागोपाठ दोन खेपा केल्यास, त्याबद्दल त्या मला काही बोलत नाहीत. मीही बोलत नाही. तू गेलास तेव्हा चिमीला दोन शब्द धड जोडता येत नव्हते. आता ती शेजारणीशी भांडते.

परवा जेवताना ढब्बूने तिची परीक्षा घेतली, तिकडे आपल्याला काय काय दिसणार? तिने एकेक बोट धरत सांगितलं, हत्ती, जिराफ, सिंह आणि बाबा. आम्ही सगळे हसलो. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, बाबा दिसला की खाली उतरायचं, की गाडीतूनच बघायचं? ती गंमत करत नव्हती, नियम विचारत होती. मी म्हटलं, उतरायचं. तुझा राग आला आणि तुझी फार आठवणही आली. म्हणून बुकिंग अडवून धरलंय ते मीच. सफारी मलाही हवी आहे, पण तू परस्पर तिकडे जाऊ नकोस. आधी घरी ये. तिला आंघोळ घाल, तिच्यावर एकदा ओरड, तिची समजूत काढ. ती तुझ्या अंगाखांद्यावर चढायला लागली, की त्याच दिवशी तिकिटं मी काढीन.

तुझीच,
जमिनीवरची