कापलेला कोपरा

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
दि. ६ मे २०२६

तीर्थरूप नवसाआत्यास,
सायलीचा शि. सा. न. वि. वि. साष्टांग म्हणायचं म्हणून म्हटलं. आठातलं एक अंग प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा सातावर भागव.

पत्र लिहायचं लिहायचं म्हणत तीन आठवडे टाळलं, हे आधीच कबूल करते. पेन होतं, कागद तर ढीगभर होता. पण लिहायला बसलं की वाटायचं, आत्या विचारणार की तू नाशकात काय करत होतीस, आणि त्याचं धड उत्तर माझ्याकडे नाही. हुबळीचं प्रदर्शन संपलं, स्टॉलवाल्या शेठनं पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं, तर मी म्हटलं चला, दोन दिवस नाशिक. मैत्रिणीची स्कूटी घेऊन नदीकडे गेले. तिथे तारेवर एक खंड्या बसला होता. त्यानं पाण्यात सूर मारला, मासा घेऊन वर आला की नाही हे बघायला मी मान वळवली आणि समोर उभ्या असलेल्या कोथिंबिरीच्या टेम्पोत घुसले. माझ्या अंगावर तीसेक जुड्या पडल्या. लोकांनी आधी जुड्या उचलल्या, मग मला. खंड्याचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नडगीचं हाड मोडलंय. प्लास्टर दहा जूनला निघणार. सुवर्णाताई दवाखान्यातून सरळ तिच्या घरी घेऊन आली. तळमजल्यावर संतोष भाऊजींचं लग्नपत्रिका छापायचं दुकान, त्यावर त्यांचं घर, आणि सगळ्यात वर गच्चीला लागून ही एक खोली. मोकळी हीच होती. दुकानातल्या चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. एकावन्न पायऱ्या आहेत, मी मोजल्या. खाली न्यायलाही चौघं लागतील आणि लग्नसराईत या घरातले चौघं एका वेळी मोकळे सापडत नाहीत. म्हणजे मी वरच.

आत्या, तुला माहीत आहे मला एका जागी आठ दिवस निघत नाहीत. इथे खिडकीतून समोरचा पत्रा दिसतो आणि पत्र्यावर कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल. झालं. आता मी जिन्यावरचे पाय ओळखायला शिकलेय. ताई दोन-दोन पायऱ्या चढते. तिच्या सासूबाई, छायामावशी, वळणावर थांबून देवाचं नाव घेतात. भाऊजींची चप्पल टाळ्या वाजवते. चौथं पाऊल येतच नाही.

मी छताचे वासे मोठ्यानं मोजायला लागले तेव्हा ताईनं कंटाळून खालून एक गोणी आणून दिली. पत्रिका कापल्यावर उरलेल्या पट्ट्या, सोनेरी काठ, पाकिटांचे आतले रंगीत कागद. सोबत बिस्किटाचा डबा भरून रबरी शिक्के, कुणी न्यायलाच आले नाहीत ते. ‘पोहोच’, ‘रद्द’, ‘सत्यप्रत’. मी भेंडी आडवी कापून तिचं फूल उठवते, खोडरबर कोरून पक्षी करते. सोबतचं कार्ड पहिलंच आहे, तुझ्यासाठी. खंड्यावर ‘रद्द’ मुद्दाम मारलंय.

एक काळजी आहे, ती सांगून टाकते. पाच जूनला ताईची नणंद संजना बाळंतपणाला येतेय. ही खोली तिची. कुणी मला जा म्हणत नाही, पण मावशी रोज येऊन भिंतीचा रंग बघून जातात. पाच तारखेनंतर मी एका पायानं कुठे जायचं? कंपनीची नोकरी सोडून आले तेव्हा अंगणात चार माणसांदेखत अण्णा म्हणाले होते की आजपासून ही मला मेली. ताईलाही बजावलंय, तिला घरात घेतलीस तर मला फोन करू नकोस. मी विचारत नाहीये. नुसतं सांगतेय.

कळावे, लोभ आहेच, तो प्लास्टर निघेपर्यंत तरी आटू देऊ नकोस.
तुझी,
सायली

———

॥ श्री ॥

दि. १२ मे २०२६

चि. सायलीस,
नवसाआत्याचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस वाचत होते. प्रौढांच्या वर्गात शिकलेली मी, तुझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यावाणी. पण वाचलं. पायाला भिंगरी होती, आता चुना लागला. देव बरोबर औषध देतो. तू एका ठिकाणी बसून राहिलीस, हे बघायला तुझी आई पाहिजे होती.

मला फोनवर काय बी ऐकू येत नाय, त्याचं बरं वाटतं. सगळ्या जगाचा कालवा बंद हाय. तू लिहीत जा, मी बघत जाईन.

कार्ड पोचलं. पक्षी चांगला हाय, त्याला रद्द कशाला केलं ते कळलं नाय. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं. वाल्मीक संध्याकाळी चाळीतला कांदा बघून आला, पाणी प्याला, कार्डाकडं बघितलं, मला काय विचारलं नाय. मी बी सांगितलं नाय. सकाळी उठले तर कार्ड उलटं टेकवलेलं. म्हणजे मागं कुणाचं नाव हाय ते वाचून ठेवलं. चष्मा बी तिथंच विसरला होता. तुझा बाप हाय, एवढी अक्कल.

तो तुझं नाव घेत नाय हे खरं हाय. तोंडातून शब्द गेला, आता माघारी कसा घ्यायचा ते त्याला येत नाय. त्याला फक्त पुढं चालता येतं, बैलावाणी. त्याचा वाढदिवस एक जूनला हाय, मास्तरानं लावून दिलेला. त्याला या जन्मात कुणी शुभेच्छा दिल्या नाहीत. एक कार्ड त्याला कर. माझ्या नावानं धाडू नको, त्याच्या नावानं धाड. घेतलं तर घेतलं. पाच तारखेच्या आत काय ते कळंल.

दूध पीत जा. सुवर्णाला जाच करू नको.
जीव लावून आहेच, वेगळं काय लिहू.
आत्या

———

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
दि. २० मे २०२६

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अण्णांचं कार्ड झालं! तीन दिवस लागले, कारण मधेच मला पाकिटांच्या कागदांची पतंगमाळ करायचं सुचलं, मग ती मावशींनी बाळाच्या पाळण्यावर लावायला म्हणून नेली. म्हणजे पाळणा आला, माझी खाट अजून इथेच.

खरं तर अडचण कागदाची होती. पट्ट्या सगळ्या चिंचोळ्या, बोटभर. अण्णांना पट्टीवर काय लिहिणार? मोठा कागद म्हणजे चुकलेल्या पत्रिका. पण त्यांच्या कोपऱ्यात गणपती असतो, आणि देव रद्दीत जाता कामा नये म्हणून मावशी आधी तो कोपरा कात्रीनं कापून घेतात. पिशवीभर गणपती साठले की नदीवर निर्माल्याच्या कलशात टाकून येतात. त्यामुळे माझ्यापर्यंत येणारी प्रत्येक पत्रिका एका कोपऱ्यानं लंगडी. म्हटलं बरंय, पाठवणारीही तशीच. त्यातली एक जाड, दुधी रंगाची निवडली, कोपरा फूटपट्टी लावून तिरपा कापला. आता मुद्दाम केल्यासारखा दिसतो, एकदम फॅशन.

रंगाचे पॅड उन्हानं वाळले, एक काळंच ओलं राहिलंय. म्हणून बाहेर काळी भेंडीची फुलं आणि दोन्ही पत्ते, तिकडचा आणि इथला. आत मात्र मी दोन नाकं काढलीत, एक अण्णांचं आणि एक माझं, दोन्ही मधेच उंचवटा आलेली. माझ्या नाकाखाली ‘सत्यप्रत’ शिक्का मारला. खाली फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सायली. माफी लिहिली होती, ती खोडली, मग सगळं कार्ड पुन्हा केलं. माफी कशाची मागायची ते मला नीट ठरवता येईना. नोकरी सोडली त्याची मागितली तर खोटी होईल.

एवढं मोठं पाकीट नाही, तेव्हा दुमडून कडेला डिंक लावला. ताई सोमवारी पंचवीसला टाकेल, म्हणजे एक तारखेच्या आत मिळेल.

गल्ली कुंभमेळ्याच्या कामासाठी खणलीय. दिवसभर यंत्र धडधडतं आणि मला वाटतं, निदान ते तरी कुठेतरी जातंय. आज मी खुरडत जिन्यापर्यंत गेले आणि खाली बघितलं. आत्या, एकावन्न पायऱ्या वरून फार खोल दिसतात. ताई ओरडली म्हणून परत आले.

कळावे, लोभ धरलास तसा धरून ठेव.
तुझी,
सायली

———

॥ श्री ॥

दि. २३ मे २०२६

सायली,
आशीर्वाद. घाईत लिहिते. ते कार्ड धाडू नको.

अगं पोरी, कोपरा कापलेलं पत्र म्हणजे माणूस गेल्याची खबर. आमच्या वेळी लग्नाच्या, बारशाच्या पत्राला चारी कोपऱ्यांवर हळदकुंकू लागायचं. कुणी गेलं तर कार्डाचा कोपरा काढून धाडायचे. पोस्टमन तसलं पत्र हातात देताना नजर खाली घालायचा. ते कुणी उंबऱ्याच्या आत नेत नसे, बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. तुझे आजोबा परगावी वारले, त्यांचं असंच आलेलं, वाल्मीकनं उघडलंच नाय, हातात धरून पळत सुटला होता. दहा वर्षांचा होता. त्याला कोपऱ्याचं कुणी शिकवायची गरज नाय.

त्यात पत्ता सुवर्णाच्या घरचा, वर काळी फुलं. आणि त्याच्या तोंडून गेलेला शब्द तुला ठाऊक हाय. तो रोज त्याच शब्दाला भिऊन निजतो, मला दिसतं.

त्याला आधी सांगितलं तर पोस्टमनला म्हणंल, माघारी धाड. मी ओट्यावर बसून राहीन, पण पोस्टमन मागनं कांद्याच्या चाळीकडं जातो आणि त्याची घंटी मला ऐकू येत नाय. तेव्हा तूच थांबव.
आत्या

———

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
दि. २८ मे २०२६, गुरुवार

तीर्थरूप आत्यास,
न. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. कार्ड सोमवारीच गेलं.

मला खरंच माहीत नव्हतं गं. मी जन्मल्यापासून आपल्याकडे पत्र म्हणजे विजेचं बिल आणि तुझं. ताईनं कालपासून अण्णांना सात वेळा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. तिचा ते उचलतच नाहीत. शेजारच्या भारतदादांना लावला, ते लग्नाला गेलेत, उद्या येणार. भाऊजी म्हणाले उघडलं की कळेलच, आत शुभेच्छा आहेत. मीही रात्रभर तेच घोकलं. पण तू लिहिलंयस की ते उघडतच नाहीत.

मी सकाळपासून खाटेवर बसून आहे. इतकी अडकल्यासारखी मी या दीड महिन्यात कधी झाले नव्हते. तिकडे कागद माझ्या पुढे धावतोय आणि मला जिनासुद्धा उतरता येत नाही. कात्री हातात घेतली की हात आपोआप कोपऱ्याकडे जातो, म्हणून ती मावशींना देऊन टाकली. त्यांना वाटलं मी खोली सोडायची तयारी करतेय. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाल्या, राहा गं, संजनाबरोबर राहा, आपण खाट आडवी लावू. आणि मला रडू आलं, तर

थांब. जिन्यावर कुणीतरी आहे.

ताई नाही. मावशी नाहीत. चप्पल वाजत नाहीये. प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवून कुणीतरी चढतंय.

पुढचं तासाभरानं लिहितेय. अण्णा आलेत.

खाली काय झालं ते मावशींनी सांगितलं. अण्णा गल्लीत शिरले तर रस्ता खणलेला, त्यापलीकडे माणसं उभी, दुकानासमोर पंधरा-वीस चपला. पत्रिकांच्या गिऱ्हाइकांच्या. ते पायरीजवळच थांबले आणि मावशींना विचारलं, किती वाजता न्यायचीय. मावशींना वाटलं, बाप मुलीला घरी न्यायला आला. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तेव्हा, पण खाली आणायला चौघं लागतील. अण्णा तिथेच बसले. खाली, धुळीत. मावशींना काही कळेना. म्हणाल्या, उन्हातून आलात, पाणी घ्या, आणि वर जाऊन जरा तिला बोला, चांगली खोली होती, कागदाचा नुसता उकिरडा करून ठेवलाय तिनं. तेव्हा त्यांनी वर बघितलं म्हणे. पाणी तसंच राहिलं.

दारात उभे राहिले तेव्हा डोक्यात कांद्याची सालं होती, चाळीतून उठून तसेच निघालेले. खिशात माझं कार्ड, डिंक तसाच, घामानं दुधी कागद पिवळा पडलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी प्लास्टरवर दोनदा बोटाची पेरं आपटली, माठ घेताना वाजवून बघतात तशी. मग खाटेच्या पायथ्याशी बसले. बराच वेळ श्वास लागला होता. मग म्हणाले,

“एकावन्न पायऱ्या आहेत. आपल्या घराला दोनच आहेत.”

मीही मोजल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. वाढदिवसाचं कार्ड आहे, उघडा म्हटलं, तर हातात फिरवून परत खिशात ठेवलं. एक तारखेला उघडू म्हणाले. दहा जूनला प्लास्टर निघाल्यावर मी काय करणार, ते त्यांनी विचारलं नाही. हुबळीच्या शेठनं बोलावलंय, ते मीही काढलं नाही. ते भांडण आमचं शिल्लक आहे. ते दोन पायऱ्यांवर बसून करू. सध्या भाऊजी खाली चौघं गोळा करताहेत आणि अण्णा म्हणताहेत की त्यातला एक मी.

तुला न सांगता निघाले, हे त्यांना आत्ता आठवलं. फोन तुला ऐकू येणार नाही. मी पत्र लिहितेय म्हटल्यावर ते उठले, मावशींच्या देवघरातला करंडा मागून आणला आणि माझ्यासमोर धरून बसलेत, मी कधी संपवते त्याची वाट बघत. आम्ही कदाचित या पत्राच्या आधीच पोचू. तरी टाकायचं म्हणतात.

कळावे, लोभ होता तो कळला.
तुझी,
सायली

ता. क. चारी कोपऱ्यांवरची बोटं अण्णांची आहेत. हळद जरा जास्त झालीय.