पुढची सीट

ता. २० ऑक्टोबर

चि. मौनीबाईस,
अ. आ. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. हे माझं नाही, सूनबाईचं आहे. मी खुर्चीत बसून सांगते, ती लिहिते. मधूनच हसतेही, तेव्हा एखादी ओळ वाकडी आली तर दोष तिचा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग आहे. जिथे बघावं नेमकं तेच दिसत नाही, कडेचं मात्र दिसतं. सूनबाई समोर उभी राहिली की तिचे दोन कान आणि अंबाडा दिसतो, मध्ये तोंड गायब. तिचं म्हणणं असं की सासूला सुनेचं तोंड न दिसणं हे दोघींच्याही सोयीचं आहे. (हे तिने स्वतःच घुसडलं आहे. असू दे.)

औषध चालू आहे, पण डाग जाणार नाही. कडाही फार दिवस टिकतील असं नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात. तरी घरी येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोलले नाही. माझ्याऐवजी तू गेली होतीस असं समज.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरअखेरच्या सुट्ट्यांत आम्ही सगळे तुझ्याकडे येतो. आपला भोंगा, माझा भाऊ, होता तेव्हा दर वर्षी यायचो तसंच. तो गेला त्या वर्षी आणि गेल्या वर्षी कुणी विषयच काढला नाही, आणि मीही काढला नाही. पण मला कालव्याकाठचा रस्ता बंधाऱ्यापर्यंत सायकलवरून एकदा बघायचा आहे, झाडांवर थोडी पानं आहेत आणि मला थोडं दिसतंय तोवर. एकटीने सायकल चालवणं आता माझ्या हातचं राहिलेलं नाही. परवा फाटकाचा खांब मधोमध आला आणि मला तो दिसलाच नाही. ढोपर फुटलं.

तेव्हा भोंग्याची जोडसायकल काढ. मी मागे बसेन, तू पुढे बस.

उत्तर लगेच पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
वन्सं

———

ता. २८ ऑक्टोबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, आणि कामावर जाताना पिशवीत ठेवलं. धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्यांदा वाचत होते, तर मुकादमीणबाईंनी विचारलं, कुणाचं प्रेमपत्र आहे का म्हणून. मी म्हटलं, नणंदेचं आहे. त्या म्हणाल्या, मग तर जपूनच वाचा.

डोळ्यांचं ऐकून काय लिहावं ते सुचत नाही. मला कधीच वेळेवर सुचत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. वाचनालयातून डोळ्यांवरचं एक पुस्तक आणलं. त्यात चित्रं चांगली आहेत आणि धीर काही नाही.

तुम्ही सगळे जरूर या. वरच्या खोलीत गाद्या घालते. पण सायकलचं जमणार नाही, वन्सं. रागावू नका, कारणं सांगते.

एक म्हणजे मी थकले आहे. इस्पितळाच्या चादरी ओल्या असल्या की माणसाएवढ्या जड लागतात. संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढायलाही वाकवत नाही. दुसरं, चिरंजीवाचं म्हणणं आहे की सुट्ट्या यंदा त्याच्या फ्लॅटवर करू. तिथे लिफ्ट आहे, आणि इथल्या जिन्यावरून मी एक दिवस पडणार अशी त्याची खात्री आहे. जोडसायकल भंगारात द्यायचंही त्याने ठरवलं आहे. पडवीत ती आडवी येते, हे खरंच आहे. तोही बिचारा दिवसभर पार्सलं पोचवून दमलेला असतो. येता-जाता तिच्यावर ढोपर आपटलं की चिडतो, आणि चिडला की ह्यांच्यासारखाच दिसतो. मग मी गप्प बसते.

तिसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी ती दोन जुन्या सायकली कापून, जोडून, रंगवून केली, ती आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्या दिवसापासून मी मागे बसले. ब्रेक त्यांच्या हाती, हँडल त्यांच्या हाती. माझ्यासमोर त्यांचा शर्ट. पुढच्या सीटवर मी कधी हातसुद्धा ठेवला नाही, पुसताना सोडून.

फिरायलाच जायचं तर चिरंजीव गाडीने नेईल. खिडकी उघडी ठेवू.

सूनबाईला अनेक आशीर्वाद. तिचं अक्षर सुरेख आहे. तब्येतीला जपा, आणि माझ्यावरचा लोभ ह्या एका नकाराने कमी करू नका.

आपली,
मौनी

———

ता. ५ नोव्हेंबर

चि. मौनीबाईस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. तीन कारणांतली दोन खोटी आहेत. थकलेली तू लग्नाच्या आधीपासून आहेस, आणि जिन्यावरून तुझ्या घरात आजवर फक्त मांजर पडलं आहे.

तिसऱ्या कारणाचं सांगते. तू इतकी वर्षं मागे बसलीस, तर तुला समोरचं काय दिसलं? माझ्या भावाची पाठ. रस्ता तू कडेकडेनेच पाहिलास ना? डावीकडची झाडं, उजवीकडचं पाणी, आणि मधोमध भोंगा. म्हणजे मला आज जसं दिसतं तसंच. जगात माझ्या डोळ्यांना बेतून शिवलेली एकच जागा आहे, ती तुझ्या पडवीत आडवी पडली आहे, आणि ती तू भंगारात घालायला निघालीस.

गाडीच्या खिडकीतून बघायचं तर मी घरी बसून भिंत बघते. गाडीत वास येत नाही, वारा लागत नाही.

पुढच्या सीटवर बसलीस म्हणून भोंगा रागावणार नाही. तो कुणावर रागावला आहे कधी? नुसता ओरडायचा, आणि तेही आनंदाने. गल्लीतली पोरं त्याला भोंगा म्हणायला लागली तर याने सायकलवरचा खरा भोंगाच काढून टाकला, आता गरज नाही म्हणून.

बाकी काही मागत नाही. तुझीच,
वन्सं

ता. क. मामी, सा. न. हे खालचं मी आईंना न सांगता लिहिते आहे. पत्रात त्या जोरात बोलतात, पण खांबावर आपटल्यापासून फाटकाबाहेर गेलेल्या नाहीत. दिवसभर खुर्चीत. जेवताना घास पडला तर ताट सरकवून देतात, भूक नाही म्हणतात. फक्त तुम्हाला पत्र लिहायचं म्हटलं की सरसावून बसतात. तुम्ही नाही म्हणालात तर त्या मला हसून दाखवतील आणि परत खुर्चीत बसतील. मला त्याचीच भीती वाटते. – सूनबाई

———

ता. १६ नोव्हेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

सायकल काढली.

चिरंजीवाला सांगितलं, की भंगारवाल्याला आणखी थोडं थांबवून ठेव. त्याने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी ती चालवणार आहे. त्याने पंप आणून चाकांत हवा भरली. मागच्या चाकात जास्त भरली. जिभेवर शब्द नसले की हा असं काहीतरी करतो. तो गुण माझा.

मागे बसायला माणूस हवं होतं. शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर तयार झाले. त्यांचा सगळा जन्म पुढच्या सीटवर गेलेला, त्यामुळे मागे बसणं त्यांना सोसत नाही. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही हे ठाऊक असूनही ते मुठी आवळतात. उंच असल्यामुळे माझ्या डोक्यावरून त्यांना सगळं दिसतं, आणि दिसलं की लगेच ओरडतात. कुत्रं म्हणतात, खड्डा म्हणतात, बाई डावीकडे घ्या म्हणतात. मी फक्त हँडल धरते. पहिल्या दिवशी आम्ही भाजीवाल्याच्या टोपल्यांत गेलो. भाजीवाल्याने त्यांना शिव्या दिल्या, मला नाही. त्यामुळे ते दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

आता कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते. खांदे रात्री ठणकतात. पण खरा त्रास तो नाही. समोर शर्ट नाही. इतका मोठा रस्ता एकदम अंगावर येतो, वन्सं. त्याच्याकडे बघायची मला सवय नाही.

सुट्ट्यांना या. मऊ उशी लावलेली सीट तुमची. कमीजास्त झालं तर पोटात घाला.

आपली,
मौनी

———

ता. ६ डिसेंबर

चि. मौनीबाईस,
अ. आ. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. गालाची आतली बाजू बरी झाली, आता तिखट लागत नाही.

सूनबाईला मी सगळं लिहून ठेवायला सांगते आहे, कारण पुढे मला आठवावं लागेल. माझं चुकलं तर तू दुरुस्त कर.

तीन दिवस तुझं घर गच्च भरलं होतं. न्हाणीघरासमोर रांग, जिन्यावर बूट, माझा मुलगा आणि तुझा चिरंजीव एका गादीवर लहानपणीसारखे भांडत. तू सगळ्यांना वाढत होतीस आणि बसत नव्हतीस. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, पण तुझ्या चपला दमलेल्या ऐकू येत होत्या.

मग तो सकाळचा रस्ता. तू पुढे, मी मागे, पोरं आपापल्या सायकलींवर मागून. डावीकडे तांबूस पानं आणि उजवीकडे पाणी, अगदी मी म्हटलं होतं तसं. मधोमध तुझा करडा स्वेटर होता, तो मला दिसत नव्हताच, म्हणून काही बिघडलं नाही. मी सुखात होते. आणि एकदम पायडलं थांबली, सायकल उडाली, माझे दात गालात रुतले. रस्त्यावर गतिरोधक होता. तू तो पाहिलास, पाय थांबवलेस आणि मला सांगितलं नाहीस.

मी तुला नको ते बोलले. पुढे बसून मेली आहेस का, असं बोलले. पोरांसमोर बोलले. मी घाबरले होते, मौनी. खांबाच्या वेळी एकटी होते म्हणून घाबरले होते. ह्या वेळी माणूस पुढे असूनही एकटी, म्हणून जास्त घाबरले. मला परत न्या म्हणाले.

तू उतरलीस. सायकल धरून उभी राहिलीस. मला वाटलं झालं, आता ही महिनाभर बोलत नाही. तर तू म्हणालीस, की मागच्याला सांगावं लागतं हे तुझ्या ध्यानातच आलं नाही, कारण तुला जन्मभर न मागता सांगितलं गेलं. एवढं लांब वाक्य मी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही परत बसलो. पुढच्या गतिरोधकाला तू इतक्या हळू बोललीस की मला वाटलं खोकलीस. त्याच्या पुढच्याला मात्र साऱ्या कालव्याला ऐकू गेलं: उंट!

भोंग्याचा शब्द. मी लहानपणी त्याला पाठीवर घेऊन उड्या मारायची तेव्हापासूनचा. उंचवटा आला की उंट, गुळगुळीत रस्ता आला की लोणी. तू तोही म्हणालीस, पण म्हणताना तुझा आवाज फाटला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

इथे आल्यावर मी फाटकाबाहेर जाते. सूनबाई हात धरते आणि मी तिला सांगितलं आहे की बोलत राहा. ती तर थांबतच नाही, आता मलाच पस्तावा होतो आहे.

एक लिहायचं राहिलं. परवापासून डावी कडही धुरकट व्हायला लागली आहे. बाई म्हणाल्या होत्याच.

माया करतच राहा.

तुझी,
वन्सं

———

ता. १४ डिसेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आठवणीत चूक नाही. एक गोष्ट तेवढी राहिली, कारण ती तुम्हाला मागून कळली नसणार.

बंधाऱ्यापाशी चढ लागतो. तो चढताना अर्ध्यावर माझ्या पायांना एकदम ओझं आलं. मी वळून पाहिलं नाही, पण कळलं की तुम्ही पाय नुसते फिरवता आहात, जोर लावत नाही. लाजू नका. त्याच चढावर, त्याच जागी, मी दर वर्षी हेच केलं. बाहेरून कुणाला कळत नाही, कारण पायडलं दोघांची एकत्रच फिरतात. मला वाटायचं ह्यांनाही कळत नसेल. त्यांची पाठ माझ्याकडे, त्यांना कसं कळणार?

कळतं, वन्सं. पहिल्या वळशातच कळतं. आणि त्या चढावर ते दर वर्षी मोठ्याने काय ओरडायचे, आठवतं ना? शाब्बास. शाब्बास मौनी. लोक वळून बघायचे, आणि मी लाजेने मान खाली घालायची, की हा माणूस खोट्याला फसून शाबासकी देतो आहे.

म्हणून मीही त्या दिवशी तुम्हाला शाब्बास म्हणाले. तुम्हाला वाटलं असेल, मी उगाच तोंडदेखलं म्हणते. तसं नव्हतं.

त्या रात्री तुम्ही सगळे झोपलात आणि मी पडवीत सायकल पुसली. ह्या वेळी पुढची सीट पुसताना हात अडला नाही. थकवा तसाच आहे. चादरी तशाच जड आहेत. ह्यांच्याशिवायचं घर संध्याकाळी तसंच रिकामं असतं, त्यात काही फरक पडलेला नाही, आणि पडावा असं मला वाटतही नाही. पण रविवारी मी ड्रायव्हरसाहेबांना मागे बसवते आणि आधी बजावते, की साहेब, तुम्ही तोंड उघडायचं नाही, बोलायचं काम माझं. ते पहिल्यांदा रुसले. आता डोळे मिटून बसतात, आणि परवा तर त्यांनी मुठीही सोडल्या.

चिरंजीवाने भंगारवाल्याला परत पाठवलं. पडवीत भिंतीला आकडे ठोकले, सायकल वर टांगली. आता ढोपराऐवजी डोकं आपटतं.

तुमच्या डाव्या कडेबद्दल वाचलं. त्यावर धीराचं लिहावं म्हणून तीन दिवस कागद समोर ठेवला, जमलं नाही. म्हणून रस्ताच लिहिते. पानं आता सगळी गळली आहेत. पाणी खाली गेलं आहे, काठावर ओल्या मातीची पट्टी उघडी पडली आहे, तिच्यावर पक्ष्यांच्या पावलांच्या ओळी. पुलाजवळ कुणीतरी नवा बाक ठेवला आहे, अजून रंगाचा वास येतो. बंधाऱ्याच्या चढावर नवं डांबर घातलं आहे. लोणी.

दर रविवारनंतर लिहीन. सूनबाईला मोठ्याने वाचायला सांगा, आणि मध्ये तिला काही घुसडू देऊ नका.

पुढे उंट आहे, वन्सं. मला दिसतो आहे. पाय सैल सोडा.

आपली,
मौनी