तत्त्वज्ञानाला वीस मुलं हवीत

१५ जून १९९२
प्राचार्य शालिग्राम सरांनी केबिनमध्ये बोलावले. यंदा सहकार हा माझा विषय एकाही मुलाने घेतला नाही. (सहकाराचेच दिवस गेले, त्याला मी काय करणार?) सर म्हणाले, तत्त्वज्ञानाचे सर रिटायर झाले, तो विषय तुम्ही घ्या. अकरावीला वीस मुलं जमवा, ऑगस्टमध्ये तपासणी आहे. एक जरी कमी पडला तरी भाईदास सर, तुम्ही सरप्लस. मग संस्थेच्या वसतिगृहावर रेक्टर म्हणून जावे लागेल. म्हणजे भाजी आणा, पीठ मोजा, पोरांचे ताप बघा, संडासाच्या कड्या बसवा. मी, एम.ए. झालेला माणूस!
ताबडतोब हो म्हणालो. तत्त्वज्ञान माणसाच्या अंगातच असते. माझे फक्त वाचायचे राहिले आहे.

१६ जून
लायब्ररीतून बिगरीचे म्हणावे असे एक पुस्तक आणले. पाने एकमेकांना चिकटलेली, कोणी कापलीच नाहीत. म्हणजे आधीचे सर मूळ ग्रंथ वाचत असावेत, किंवा काहीच नाही.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक प्रकरण. जुलै उजाडेपर्यंत विषय खिशात.

१७ जून, सकाळी पावणेआठ
आत्ताच उठलो. पाचला लाईट नव्हती. सौ. म्हणते, होती. झोपलेल्या माणसाला लाईट आहे की नाही याने काय फरक पडतो, हाही तात्त्विकच प्रश्न आहे.

२० जून
पहिले प्रकरण संपवले. सार: प्रत्येक गोष्टीवर संशय घ्यावा. सुरुवात घरापासून केली. सौ.ला विचारले, हा चहाच आहे कशावरून? तिने कप उचलला आणि आत नेला. संध्याकाळपर्यंत चहा नाही.
पद्धत बरोबर आहे. संसारी माणसासाठी नाही, एवढेच.

२८ जून
अॅडमिशनची फिरती सुरू. आम्ही सगळे मास्तर सध्या फॉर्म घेऊन गावोगाव पोरे गोळा करत हिंडतो. आज पाचोऱ्याहून सायकलने भटू आबांच्या केळीच्या मळ्यात. त्यांचा नातू दहावी झाला आहे. आबा म्हणाले, हाई शिकीसन काय व्हस? मी म्हणालो, आबा, 'होणे' म्हणजे काय, तिथूनच सुरुवात करू. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला आणि मोटर बघायला गेले. तासभर बसलो, आलेच नाहीत. विचारात पडले असणार.
नातवाने भूगोल घेतला.

२ जुलै
भूगोलाचे पंडित सर हिरो होंडावर फिरतात आणि अंगणात उभ्या उभ्याच सांगतात, प्रॅक्टिकलचे मार्क आपल्याच हातात. हे अनैतिक आहे. (नीतीचे प्रकरण अकरावे आहे. अजून तिथवर पोचलो नाही. तरी अनैतिकच.)
माझ्या विषयाला प्रॅक्टिकल नाही, सहल नाही, नकाशे नाहीत. माणसाने सांगावे तरी काय? तिसरे प्रकरण 'द्रव्य'. तीनदा वाचले, तिन्ही वेळा झोप लागली. पुस्तकाचा टाईप बारीक आहे.

१२ जुलै
एकोणीस झाले! इंग्रजीला घाबरलेली काही, टायपिंगला जागा न मिळालेली काही. बाकीच्यांमध्ये अशी अफवा आहे की तत्त्वज्ञानाच्या पेपरात मनाचे लिहिले तरी मार्क मिळतात. मी ती खोडून काढली नाही. सत्याचा शोध घाईने घेऊ नये.

१४ जुलै
विसावा मिळाला! मुलाचे नाव उखर्डू. आई तानुबाई स्वतः फॉर्म भरायला आली. तिला भूगोल नको, कारण पंडित सर पोरांना सहलीला धरणावर नेतात. तिने मला एकच विचारले, याम्हा पोऱ्याले कोठे जावं नई ना लागस? मी म्हणालो, काकू, जगातला सगळ्यात सुरक्षित विषय. बसल्या जागी. तिने अंगठा दिला.
प्राचार्यांना नाव कळवले. सौ.ला सांगितले, रेक्टरचे विसर. ती म्हणाली, तपासणी होऊ द्या. या बाईला दूरदृष्टी अजिबात नाही.

२७ जुलै
आज तर्क शिकवला. प्रकरण मी कालच वाचले, त्यामुळे ताजे होते. पुस्तकातल्या उदाहरणात कोणी परदेशी म्हातारा मरतो. आमच्या पोरांना त्याचे काय सुतक? उदाहरण नेहमी जवळचे घ्यावे. पहिल्या बाकावर उखर्डू बसला होता. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले:
सर्व माणसे मर्त्य आहेत.
उखर्डू माणूस आहे.
म्हणून उखर्डू मरणार.
वर्गात एकदम शांतता. इतके लक्ष माझ्या तासाला कधीच कोणी दिले नव्हते. उखर्डूने वहीत उतरवून घेतले. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम तास.

२८ जुलै
तानुबाई भर तासात दारात उभी. मन्हा पोऱ्या मरी जाई, अशे लिखं ना तुम्हीन फयावर?
मी शांतपणे समजावले की हा निष्कर्ष आहे, शाप नाही. ती म्हणाली, तीन लेकरं गयात, मंग हाऊ वाचना. म्हनीसन याले उखर्डू नाव ठेवं. पोराला घेऊन गेली.
नंतर पंडित सर स्टाफरूममध्ये मला समजावू लागले, की नाव उकिरड्याचे ठेवले म्हणजे मरण ढुंकून बघत नाही, आणि तुम्ही तेच नाव फळ्यावर लिहून त्याला पत्ता दिला. मला काय माहीत नाही? माझ्या सख्ख्या चुलत्याचे नाव भिका होते. पण तर्कात नाव म्हणजे फक्त नाव.
माफी मागणार नाही. सत्य ते सत्य.

३० जुलै
एकोणीस म्हणजे वीस नव्हे, असे प्राचार्य म्हणाले. हेही सत्यच.
तानुबाईच्या घरी गेलो. तिने बसायला गोणपाट टाकले, पाणी दिले. मी म्हणालो, काकू, उद्या फळ्यावर दुसरे उदाहरण घेतो, कुत्र्याचे घेतो, पण पोराला पाठवा. ती म्हणाली, तुम्ही सांगतस ते खरं शे का खोटं? मी म्हणालो, खरेच आहे. मग तिने सांगितले ते बरोबर उतरवतो: इतलं खरं शे ते मंग तुम्हनं नाव लिखा ना. मी दखसू. मंग धाडसू.
एवढेच? स्वतः बघणार आणि मग पोराला धाडणार. हसू आवरून घरी आलो. उद्या काम फत्ते.

३१ जुलै
तानुबाई मागच्या बाकावर, पदर डोक्यावर, उखर्डू शेजारी. पंडित सरही खिडकीत उगाच उभे. मी खडू घेतला.
सर्व माणसे मर्त्य आहेत.
भाईदास माणूस आहे.
म्हणून
इथे खडू तुटला. दुसरा घेतला. तो ओलसर निघाला. 'भा' काढला आणि पुसला. कोणी हसले नाही, हसले असते तर बरे झाले असते. मी म्हणालो, निष्कर्ष उघड आहे, घरून लिहून आणा. तानुबाई उठली. रागावली नव्हती. म्हणाली, ऱ्हाऊ द्या सर. नका लिखू. तुम्हले बी लेकरं व्हतीन.
आणि पोराला घेऊन गेली. मला त्या बाईचा फार राग आला. आणि मग राहिलाच नाही.
पुस्तकात शोधले. यावर काहीही दिलेले नाही.

१९ ऑगस्ट
तपासणी झाली. एकोणीस. उखर्डू भूगोलात. सहलीच्या दिवशी त्याने घरी बसायचे आणि मार्क पूर्ण, असे पंडित सरांनी लिहून दिले म्हणे. मी सरप्लस. प्राचार्य म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. म्हणालो, तत्त्वज्ञ वाईट वाटून घेत नाही. मग सायकलस्टँडवर बराच वेळ उभा राहिलो.

२४ ऑगस्ट
वसतिगृहाचा चार्ज घेतला. तीन पोरांना ताप, एका संडासाला कडी नाही. संध्याकाळी सगळे शांत झाल्यावर म्हटले, तो तास निदान इथे तरी पुरा करू. वही माझी, बघायला कोणी नाही.
सर्व माणसे मर्त्य आहेत. भाईदास माणूस आहे. म्हणून
उद्या लवकर उठायचे आहे. मेथी सहानंतर चांगली मिळत नाही.