एकाच मुलीचे दोन क्रमांक

चि. प्राची हिस आशीर्वाद.

मी, भगवंत सोमाजी तांबे, बारावी वाणिज्यचा तुझा वर्गशिक्षक, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे : तू सोमवारपासून वर्गात परत यावेस. घरी सर्व कुशल असेल. इकडे ओतूरला थंडी चांगली पडली असून तुमच्या वर्गाचा गोंगाट नियमितपणे चालू आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याशी अभ्यास सोडून पाच मिनिटे बोलावे, अशी सूचना प्राचार्यांनी केली. मी तक्ता आखला. हजेरीच्या क्रमाने रोज दोघे. पहिले दोन दिवस मी फक्त हवामानावर बोललो. तिसऱ्या दिवशी सहा क्रमांकाच्या अक्षदाने आपल्या चांदणी शेळीची हकीकत मधली सुट्टी संपेपर्यंत सांगितली.

काल तेवीस क्रमांक, म्हणजे तुझा, पुकारला. अक्षदाच उभी राहिली.

"चांदणी तुझीच ना?"

"व्हय सर."

"मग तू सहा की तेवीस?"

"दोनी, सर. प्राची येत न्हाई तवापासून."

वर्ग हसला. मलाही हसू आले, पण ते टिकले नाही. एकोणीस दिवस मी तुला हजर मांडत होतो.

कारण अक्षदाने सांगितले. पावणेसहाच्या एसटीने पिंपरी पेंढारच्या फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडतो. तिथून तुमच्या मळ्यापर्यंत उसातली वाट आणि त्या वाटेवर दोनदा दिसलेला बिबट्या. मी लगेच तुझ्या वडिलांना फोन केला. धर्माजीभाऊ म्हणाले, "पोरगी हुशार हाय सर, पर बिबट्या काय हजेरी बघून सोडतोय व्हय?" शेवटचा तास हलवतो, असे मी म्हणालो. "मग धाडतो की. पर तिलाच इचारा राव, ती तुमच्यावर रुसलीया."

का, ते मी विचारले नाही. मला ते ठाऊक होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तू शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली होतीस. "सर, शेवटचा तास..." एवढेच तू बोललीस. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. "लेखी अर्ज दे," असे वर न पाहता म्हणालो. तू तिथे किती वेळ उभी राहिलीस, हे मला आजही सांगता येत नाही. याबद्दल मी तुझी माफी मागतो.

आता व्यवस्था. माझा शेवटचा तास आजपासून सकाळी पहिला झाला आहे. तुला सव्वाचारची गाडी मिळेल आणि उजेडात घरी पोहोचता येईल. हजेरीपट दुरुस्त करून चूक माझी असल्याचे प्राचार्यांना लेखी कळवले आहे. अक्षदाला समज दिली, शिक्षा केली नाही. तुझे बुडालेले सगळे धडे तिने तुझ्यासाठी वेगळ्या वहीत उतरवले आहेत. अक्षर लावून घ्यावे लागेल.

राग गेला नसेल तरी ये. माझ्यावर रागावूनही वर्गात बसता येते; सत्तावीस वर्षे निम्मा वर्ग तसाच बसत आला आहे. तुझे दारातले वाक्य अर्धे राहिले होते. ते पूर्ण कर, मी हातातले काम बाजूला ठेवून ऐकेन.

तुझे म्हणणे ऐकायचे राहून गेलेला,
भगवंत सोमाजी तांबे
ओतूर, ता. जुन्नर
१३ डिसेंबर २०२४