पुष्पाबाईंची मोटर

६ एप्रिल, सोमवार
आज पाण्याची पाळी. नळ आला, धार करंगळीएवढी. गल्ली चढाची, माझं घर सगळ्यात खाली, त्यातून नळ खड्ड्यात. म्हणून पूर्वी वरच्या घरांना थेंब मिळत नसे आणि अख्खी गल्ली पाण्याचे गुंड-कळश्या घेऊन माझ्या अंगणात. माझी बायको निर्मला होती तेव्हा नंबरावरून भांडणंसुद्धा व्हायची. आता घरोघरी नळाला पाणी ओढायची टिल्लू मोटर. त्या सुरू झाल्या की माझी धार आणखी बारीक. अंगणात मी आणि एक बादली.
पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, तुम्हीपण लावा ना मोटर." सगळ्यांनीच ओढलं तर पाइपात हवाच येणार. आणि एका माणसाला पाणी लागतं किती!

७ एप्रिल
वरच्या घरच्या पुष्पाबाई आल्या. निर्मलाची मैत्रीण. ती गेल्यापासून आमचं बोलणं रस्त्यातलं, 'बरं आहे ना' एवढंच. हातातल्या पिशवीत मोटर.
"भाऊजी, नुसती गुणगुण करून राह्यली, पाणीच ओढत नाही. तुमी डेपोत मेकॅनिक होते, पाहता का?"
ठेवा म्हटलं. त्या गेल्यावर उघडली. गंजून पंखा जाम, बाकी काही नाही. स्क्रूड्रायव्हरने फिरवला, मोकळा झाला. चहा निवायच्या आत काम संपलं. सांगायला निघालो होतो. मग म्हटलं, नंतर जाऊ.

१० एप्रिल, शुक्रवार
पाळी. उठल्या उठल्या अंगण झाडलं, खड्ड्यातला गाळ काढला. पु.बाई दोन गुंड घेऊन हजर.
"झाली का मोटर?"
"पाहा लागते. पुर्जा भेटून नाही राह्यला." तोंड वर करून खोटं बोललो.
धार बारीक, गुंड भरायला वेळ. तेवढ्यात निर्मलाच्या भरल्या वांग्यांची गोष्ट निघाली, मग त्यांच्या सुनेची, मग कुणाच्या तरी लग्नाची. मी किती बोललो! संध्याकाळी घसा दुखत होता.

१२ एप्रिल
रविवार असून मुलाचा फोन नाही. मोटर बादलीत लावून पाहिली. झकास चालते. पुसून खाटेखाली ठेवली. लाज वाटते, पण...

१४ एप्रिल, मंगळवार
पाळी आणि जयंती एकाच दिवशी. पु.बाई पांढऱ्या साडीत, घाईत. "मिरवणुकीले तुमीबी या." चढावर गुडघा धरून दोनदा थांबल्या. धावत जाऊन गुंड घेतला, घरापर्यंत पोचवला.
"मोटर राह्यली असती तर तुमाले तरास नसता, भाऊजी."
मिरवणुकीला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? दुपारी जेवणही गेलं नाही.

१६ एप्रिल
मुलाला सगळं सांगावं म्हणून फोन लावला. मीटिंगमध्ये होता. नंतर करतो म्हणाला.

१८ एप्रिल, शनिवार
आज देऊनच टाकायची. नळ यायच्या आधी मोटर पिशवीत घालून ओट्यावर ठेवली. पु.बाई आल्या.
"घ्या. झाली," म्हटलं. पुर्जा, दुकान, काही सांगितलं नाही.
त्यांनी पिशवीत वाकून पाहिलं.
"एवढ्या लौकर?"
टोमणा होता की काय, चेहऱ्यावरून कळेना. मी गुंड नळाखाली सरकवला. त्या ओट्यावर टेकल्या. पिशवी काही उचलली नाही.